‘प्रीमियम’ कुणीही लिहितं, ‘व्हिच’ लिहायला काम केलेलं असावं लागतं



या वेळचा व्हिडिओ ‘हू, व्हिच, दॅट’ या शब्दांवर आहे. लगेच बंद करू नका! तुम्ही धंदा शिकायला येता, व्याकरण शिकायला नाही, हे मला माहीत आहे. पण आधी एक किस्सा ऐका आणि मग ठरवा.

आपल्या एका बॅचमधल्या ताई घरी गोडा मसाला करतात. चव अशी की एकदा घेतलेलं गिऱ्हाईक परत येतंच. त्यांना बंगळुरूच्या एका दुकानदाराकडून ऑर्डर मिळाली. माल तयार झाला, पॅकिंग झालं आणि ताईंनी इंग्रजीत मेसेज टाकला: “व्हिच ऑर्डर यू गेव्ह, दॅट इज रेडी.”

तिकडून उत्तर आलं: “व्हिच ऑर्डर?”

ताईंच्या पोटात गोळा आला. हा ऑर्डर विसरला की आता नाही म्हणतोय? पुढे काय लिहावं ते सुचेना, म्हणून दोन दिवस त्या गप्प बसल्या. माल खोक्यात पडून. तिसऱ्या दिवशी मुलाने हिंदीत फोन लावला, तेव्हा उलगडा झाला. दुकानदाराने दोन ऑर्डरी दिल्या होत्या. ताईंचं वाक्य ‘व्हिच’ने सुरू झालेलं, त्यामुळे त्याला वाटलं ताई विचारताहेत की कोणती ऑर्डर. म्हणून त्यानेही उलट विचारलं, कोणती?

एका शब्दाच्या जागेमुळे तीन दिवस गेले. माल वाया गेला नाही, ऑर्डरही तुटली नाही. पण पहिल्याच व्यवहारात गिऱ्हाइकाला प्रश्न पडला आणि आपल्याला घाम फुटला.

चूक ताईंची नव्हती, मराठीची सवय होती

ताईंचं वाक्य परत वाचा आणि मराठीत म्हणून बघा: “जी ऑर्डर तुम्ही दिली, ती तयार आहे.” शंभर टक्के बरोबर वाक्य. ताईंनी मनातल्या चांगल्या मराठीतला एकेक शब्द उचलून इंग्रजीत ठेवला. ‘जी’च्या जागी ‘व्हिच’, ‘ती’च्या जागी ‘दॅट’.

म्हणून मी नेहमी सांगतो, तुम्हाला हा विषय येत नाही असं नाहीच. जो, जी, जे, ज्याचा, ज्यात, ज्याला… शाळेत याला संबंधी सर्वनाम म्हणायचे. नाव विसरला असाल, पण वापर दिवसातून पन्नास वेळा करता. “जो माल काल आला, तो परत पाठव.” “ज्याचे पैसे राहिलेत, त्याला आधी फोन कर.” ही ताकद तुमच्याकडे आहेच. फक्त इंग्रजीत तिची जागा बदलते.

मराठीत ‘जी’ आधी येते आणि नंतर ‘ती’ येऊन गाठ बांधते. इंग्रजीत वस्तूचं नाव आधी, त्याला चिकटून ‘दॅट’ किंवा ‘व्हिच’, मग तपशील. आणि शेवटी दुसरी ‘ती’ लागत नाही.

“द ऑर्डर दॅट यू प्लेस्ड ऑन मंडे इज रेडी.” ताईंनी हे पाठवलं असतं, तर सोमवारची ऑर्डर म्हणजे कोणती, हेही त्याच वाक्यात मिटलं असतं.

माझं मत सरळ आहे

इंग्रजी शिकायचं म्हणून आपण काय करतो? भारी शब्द गोळा करतो. ‘प्रीमियम क्वालिटी’, ‘ऑथेंटिक टेस्ट’, ‘बेस्ट इन मार्केट’. बाजारात चक्कर मारा आणि दहा पाकिटं उलटून बघा. बहुतेकांवर यातलं काहीतरी सापडेल. चांगल्या मालावर आणि टाकाऊ मालावरही. कारण विशेषण फुकट मिळतं. ‘प्रीमियम’ लिहायला काहीही केलेलं असावं लागत नाही.

आता ‘दॅट’ किंवा ‘व्हिच’ लिहून बघा. पुढे क्रियापद येतं. आणि क्रियापद म्हणजे काम. तुम्ही काय केलं, कसं केलं, कधी केलं, ते सांगावंच लागतं.

पहिलं वाक्य: “वी मेक प्रीमियम ऑथेंटिक गोडा मसाला.”

दुसरं वाक्य: “वी मेक अ गोडा मसाला दॅट वी ग्राइंड ओन्ली आफ्टर यू ऑर्डर.” म्हणजे तुमची ऑर्डर आल्यावरच आम्ही जो दळतो, असा मसाला.

दुसऱ्या वाक्यात एकही भारी शब्द नाही. पण गिऱ्हाइकाला वास आला! त्याला कळलं की हा मसाला सहा महिने कुठल्या गोदामात पडलेला नसणार.

अजून एक: “इट हॅज दगडफूल, व्हिच वी क्लीन बाय हँड.” दगडफूल झाडाच्या सालीवर आणि दगडावर वाढतं. त्यात सालीचे तुकडे आणि माती येते. ज्याने ते निवडलंय, त्यालाच माहीत किती वेळ जातो. हा वेळ तुमचा खर्च आहे, तुमच्या किमतीत धरलेला आहे. मग तो गिऱ्हाइकाला सांगत का नाही? किंमत सांगताना आवाज बारीक होतो, कारण किमतीमागचं काम सांगायला वाक्य नसतं. ते वाक्य या छोट्या शब्दांनी तयार होतं.

म्हणून माझं म्हणणं असं, की ज्याला धंद्यापुरतं इंग्रजी हवंय त्याने आधी शब्दसंग्रह वाढवू नये. हू, व्हिच, दॅट, हूज, व्हेअर, हे पाच शब्द पक्के करावेत. माणसासाठी हू. वस्तूसाठी व्हिच किंवा दॅट. ‘ज्याचा, जिचा, ज्यांचा’ या सगळ्यांसाठी एकच, हूज. जागेसाठी व्हेअर. संपलं.

यात एक पळवाट मात्र आहे, ती घेऊ नका. “…व्हिच इज व्हेरी प्रीमियम” असं लिहिलंत, तर पुन्हा तेच विशेषण मागच्या दाराने आत आलं. ‘व्हिच’च्या पुढे केलेलं काम, मोजता येणारा आकडा, ठिकाण किंवा तारीख यांपैकी एक तरी असू द्या.

‘हूज’ला घाबरू नका

बरेच जण म्हणतात की ‘हूज’ माणसांसाठीच असतं. तसं नाही. वस्तूसाठीही बिनधास्त चालतं. “अ जार हूज लिड इज सील्ड” म्हणजे जिचं झाकण सीलबंद आहे अशी बरणी. एकदम शुद्ध इंग्रजी.

आणि हा ‘ज्याचा’ किती मोलाचा आहे बघा. भौगोलिक मानांकन म्हणजे जीआय टॅग, हे तुम्ही ऐकलं असेल. कोकणच्या हापूसला तो २०१८ मध्ये मिळाला. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. जीआय म्हणजे साध्या भाषेत काय? ज्या मालाचे गुण किंवा ज्याचं नाव त्याच्या गावाशी जोडलेलं आहे, असा माल. म्हणजे एका ‘ज्याचा’भोवती अख्खा कायदा उभा आहे. आंबा तोच दिसेल, पण ‘जो कुठे पिकला’ हा तपशील त्याला वेगळा भाव देतो.

तुमच्या मालाला जीआय असो वा नसो, हा प्रश्न स्वतःला विचारा: माझ्या मालात असं काय आहे, जे ‘जो, ज्याचा, जिथे’ लावून सांगता येईल?

तीन चुका, ज्या आपण मराठी माणसं हमखास करतो

पहिली चूक ताईंची: ‘व्हिच’ने वाक्य सुरू करणं. समोरच्याला प्रश्न वाटतो. उपाय एकच, वस्तूचं किंवा माणसाचं नाव आधी.

दुसरी चूक: गाठ दोनदा बांधणं. “द सॅम्पल व्हिच आय सेंट इट यस्टरडे.” मराठीत ‘जे… ते’ अशी जोडी असते, म्हणून आपला हात आपोआप ‘इट’ लिहितो. इंग्रजीत ‘व्हिच’ आला की त्या वस्तूसाठी परत ‘इट’ नको. “द सॅम्पल व्हिच आय सेंट यस्टरडे.” एवढंच पुरे. खरं तर इथे ‘व्हिच’ गाळून “द सॅम्पल आय सेंट यस्टरडे” म्हटलं तरी चालतं, आणि बोलताना तेच छान वाटतं. पण “द मशीन दॅट मेक्स पापड” यातला ‘दॅट’ गाळता येत नाही. काम करणारी वस्तू तीच असेल, तर शब्द ठेवायचा.

तिसरी चूक सगळ्यात मजेशीर, आणि कधीकधी महागही: तपशील भलत्याच शब्दाला चिकटणं.

“आय ॲम सेंडिंग द पिकल्स टू युवर ऑफिस, व्हिच आर पॅक्ड इन ग्लास जार्स.” लिहिणाऱ्याच्या मनात लोणची काचेच्या बरण्यांत आहेत. पण वाक्यात ‘व्हिच’ ऑफिसच्या शेजारी बसलाय. वाचणारा क्षणभर अडखळतो. ऑफिस बरणीत?

मराठीत असा घोटाळा कमी होतो, कारण आपला शब्दच सांगतो तो कुणाचा आहे. जो म्हटलं की मसाला, जी म्हटलं की बरणी, जे म्हटलं की लोणचं, ज्या म्हटलं की बरण्या. लिंग आणि वचन त्यातच आलं. इंग्रजीच्या ‘व्हिच’ला लिंग नाही, वचनही नाही. तो कुणाचा हे बहुतेक वेळा त्याच्या जागेवरूनच ठरतं. म्हणून नियम एकच: ज्याचा तपशील, त्याच्या शेजारी. “द पिकल्स, व्हिच आर पॅक्ड इन ग्लास जार्स, विल रीच युवर ऑफिस ऑन फ्रायडे.”

आता पैशांचा मुद्दा: एक स्वल्पविराम

हा भाग नीट वाचा. चहा बाजूला ठेवा.

समजा तुम्ही २०० बरण्या पाठवल्या. गिऱ्हाइकाने कळवलं की त्यातल्या ६ फुटल्या. तुम्ही लिहिलं:

“वी विल रिप्लेस द जार्स, व्हिच आर ब्रोकन.”

जार्सनंतर स्वल्पविराम आहे. याचा अर्थ: आम्ही बरण्या बदलून देऊ, आणि हो, त्या फुटलेल्या आहेत. म्हणजे सगळ्याच! समोरचा अडून बसला, तर तुमच्याच लेखी शब्दात त्याला २०० बरण्यांचं कबुलीपत्र मिळालं.

आता हे बघा:

“वी विल रिप्लेस द जार्स दॅट आर ब्रोकन.”

स्वल्पविराम नाही. अर्थ: ज्या बरण्या फुटल्या आहेत, तेवढ्याच बदलून देऊ. सहा.

फरक लक्षात आला? तपशील जेव्हा निवड करतो, म्हणजे ‘यातल्या कोणत्या?’ याचं उत्तर देतो, तेव्हा स्वल्पविराम द्यायचा नाही. तपशील जेव्हा फक्त जास्तीची माहिती असते, तेव्हा दोन्ही बाजूंनी स्वल्पविराम. ब्रिटिश इंग्रजीत निवडीसाठीही ‘व्हिच’ वापरतात, त्यात चूक काही नाही. पण तुम्ही सवय अशी लावा: निवड असेल तर ‘दॅट’ आणि स्वल्पविराम नाही; जास्तीची माहिती असेल तर स्वल्पविराम आणि ‘व्हिच’. स्वल्पविरामानंतर असा ‘दॅट’ कधीच नाही. एवढं पाळलं, तर वस्तूंच्या बाबतीत गोंधळ होणार नाही.

“सर, एका स्वल्पविरामाने एवढं काय होतंय?” असं वाटत असेल तर अमेरिकेतलं एक प्रकरण सांगतो. मेन राज्यातल्या एका डेअरीच्या ड्रायव्हरांनी ओव्हरटाइमसाठी दावा केला. कायद्यातल्या कामांच्या यादीत एक स्वल्पविराम नव्हता, त्यामुळे ओव्हरटाइममधून कोणती कामं वगळली आहेत याचे दोन अर्थ निघत होते. २०१७ मध्ये अपील कोर्टाने ड्रायव्हरांच्या बाजूने कौल दिला आणि पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. तो स्वल्पविराम ‘व्हिच’चा नव्हता, यादीतला होता. पण लिहिलेल्या वाक्याचा अर्थ तुमच्या मनावरून नाही, कागदावरून लावला जातो, हे त्यातून कळतं.

कोटेशन, रिटर्नच्या अटी, वॉरंटी, बिलाची आठवण, ही चार ठिकाणं अशी आहेत जिथे ‘जो, जी, जे’ म्हणजे थेट रुपये. बिलाचंच घ्या. “प्लीज क्लिअर युवर पेंडिंग बिल” याला कुणीही “बघतो” म्हणून टोलवतो. “द गुड्स दॅट यू रिसीव्ड ऑन ३ जून आर स्टिल अनपेड” याला टोलवणं अवघड आहे, कारण त्यात तारीख आहे. आणि ही तारीख महत्त्वाची आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यात नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकांना आणि सेवा देणाऱ्यांना संरक्षण आहे. लेखी करारातली मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे जाऊ शकत नाही. म्हणजे कोणता माल आणि कधी स्वीकारलेला, हेच तर सिद्ध करायचं असतं.

कुठे वापरू नये

एवढं वाचून आता प्रत्येक वाक्याला तीन-तीन शेपट्या लावू नका. “धिस इज द मसाला व्हिच माय मदर, हू लर्न्ड इट फ्रॉम हर मदर, हू लिव्ड इन अ व्हिलेज व्हेअर…” गिऱ्हाईक झोपलं!

एका वाक्याला एक तपशील. दुसरा सांगायचा असेल तर टिंब द्या आणि नवीन वाक्य सुरू करा. फोनवर बोलताना तर छोटी वाक्यंच बरी. व्हॉट्सॲपवर “ऑर्डर रेडी, डिस्पॅच टुमॉरो” एवढं पुरत असेल तर तेवढंच लिहा.

आणि जो तपशील निभावता येणार नाही, तो लिहू नका. “व्हिच इज ऑरगॅनिक” हे तीन शब्द लिहायला सोपे आहेत. पण खाण्याचा माल ऑरगॅनिक म्हणून विकायचा तर त्याला प्रमाणपत्राचे नियम आहेत, आणि खोट्या जाहिरातीवर ग्राहक संरक्षण कायद्यात कारवाई होऊ शकते. ‘व्हिच’च्या पुढे लिहिलेली प्रत्येक गोष्ट म्हणजे तुम्ही दिलेला शब्द. उद्या कुणी दाखवा म्हटलं तर दाखवता आली पाहिजे.

“पण आता हे सगळं मोबाइलच करून देतो ना?”

देतो की. मराठीत बोला, इंग्रजी तयार. मी स्वतः वापरतो, तुम्हीही वापरा. पण दोन गोष्टी त्याला येत नाहीत. तुम्ही दगडफूल हाताने निवडता हे त्याला माहीत नाही. तुम्ही सांगितलं नाही तर तो ‘प्रीमियम’च लिहिणार. आणि बरण्या सहा बदलायच्या की दोनशे, हे त्याला तुमच्या मनातून वाचता येत नाही. शेवटी पाठवायचं बटण तुम्ही दाबता. त्याखाली नाव तुमचं, आणि खिसाही तुमचाच.

काही जण म्हणतात, मराठीतच धंदा करा, इंग्रजी कशाला? गिऱ्हाईक मराठी असेल तर मराठीतच करा, मीही तेच सांगतो. पण बंगळुरूचा दुकानदार, ऑनलाइन बाजाराचं पान, मोठ्या हॉटेलचा खरेदी बघणारा माणूस, यांच्यापर्यंत बहुतेक वेळा इंग्रजीतूनच जावं लागतं. तिथे इंग्रजी मिरवायचं नाही, आपलं काम पोचवायचं आहे.

आजचा गृहपाठ, दहा मिनिटांचा

एक वही घ्या. आपल्या एका मालाबद्दल पाच वाक्यं मराठीत लिहा, प्रत्येकात जो, जी, जे, ज्याचा किंवा जिथे आलंच पाहिजे. “ज्या तव्यावर आम्ही मसाला भाजतो…”, “जे तीळ आम्ही वापरतो…” असं. विशेषण एकही नको. लिहायला काही सुचलं नाही, तर थांबा आणि विचार करा. दोष इंग्रजीचा नाही. एक तर तुम्ही जे काम करता त्याची तुम्हालाच किंमत वाटत नाही, किंवा मालात सांगण्यासारखं काही करायचं अजून राहिलंय. दोन्ही गोष्टी आजच कळलेल्या बऱ्या.

मग तीच वाक्यं इंग्रजीत घ्या. नाव आधी, तपशील त्याला चिकटून, दुसरी ‘ती’ काढून टाका, आणि शेवटी स्वल्पविराम तपासा.

ताईंनी हे केलं. त्यांच्या पाकिटावर आता ‘प्रीमियम’ हा शब्द नाही. एकच ओळ आहे, ऑर्डर आल्यावर दळतो म्हणणारी. आणि बंगळुरूला जाणारा मेसेज आता ‘द ऑर्डर दॅट’ने सुरू होतो.

तुमची पाच वाक्यं तयार ठेवा. भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा जोरात करा!